एमसीबी पडायची थांबली, त्यानंतर

रविवारी पहाटे दोनच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला आग. प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा. उन्हाळ्यात अशी चार ओळींची बातमी आतल्या पानावर अधूनमधून असतेच. बातमी पहाटे दोनला सुरू होते. आग त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते, आणि पुष्कळदा ती एखाद्या आपुलकीने दिलेल्या सल्ल्यातून निघालेली असते.

पुढचा घटनाक्रम कोणा एका कुटुंबाचा नाही. डोंबिवली-कल्याण पट्ट्यात १९८०च्या दशकात बांधलेल्या चार मजली सोसायटीतलं एक टू-बीएचके डोळ्यांसमोर ठेवून तो रचला आहे. घर काल्पनिक आहे. त्यातले सल्ले मात्र रोज दिले-घेतले जातात, आणि ते पाळल्यावर तारेत काय घडतं हे विजेच्या नियमांनी ठरलेलं आहे.

सुमारे ३८ वर्षं आधी

बिल्डरने भिंतीत ॲल्युमिनियमची वायर टाकली. त्या काळी ही सर्रास पद्धत होती. पॅसेजमध्ये फ्रीजसाठी एकच पॉवर पॉइंट, त्याला अडीच स्क्वेअर एमएमची तार, साधारण १५ अँपिअर पेलेल अशी. बाकी ट्यूबलाइट, पंखे, एक मिक्सर आणि इस्त्री. तेवढ्या लोडला ही व्यवस्था पुरेशी होती.

ॲल्युमिनियमचा दोष तारेत नसतो, जोडात असतो. या धातूवर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो थर वीज नीट वाहू देत नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, स्क्रूखाली हळूहळू दबत जातं आणि जोड सैल होतो. अमेरिकेत १९६५ ते १९७३च्या दरम्यान लाखो घरांत अशी वायर पडली. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने केलेल्या पाहणीत १९७२पूर्वीच्या ॲल्युमिनियम वायरिंगच्या घरात एखादा तरी जोड आगीच्या धोक्यापर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या वायरिंगच्या घरापेक्षा ५५ पट निघाली.

५ वर्षं आधी, मे महिना

मागच्या बेडरूममध्ये आजी-आजोबांसाठी दीड टनाचा एसी आला. त्याला डीबीपासून, म्हणजे घराच्या वीजवाटप पेटीपासून, स्वतंत्र तांब्याची वायर आणि स्वतःची एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, हवी होती. म्हणजे भिंतीला झिरी पाडणं किंवा केसिंग-कॅपिंग करणं, दोन दिवसांची धूळ आणि काही हजारांचा खर्च.

सल्ला क्रमांक एक, एसी बसवायला आलेल्या माणसाकडून: "काका, नवीन रंग दिलाय, भिंत कशाला फोडता? पॅसेजच्या पॉवर पॉइंटवरून लूप काढतो. फ्रीज काय खातो? काही होत नाही."

जुन्या ॲल्युमिनियमला नवी तांब्याची वायर पिळली, वर काळी टेप गुंडाळली आणि सगळं बॉक्समध्ये कोंबून झाकण लावलं. ॲल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना टेकले आणि त्यात मुंबईच्या आसपासची दमट हवा आली की ॲल्युमिनियम झिजू लागतं. म्हणूनच असा जोड त्यासाठी बनवलेल्या कनेक्टरनेच करायचा असतो. इथे तो हाताने पिळला होता.

एसी चालू झाला आणि खोली गार पडली. सल्ला बरोबर ठरला, असं घरातल्या सगळ्यांचं मत झालं.

४ वर्षं आधी, जुलै

एसीच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येऊ लागल्या. पॉवर पॉइंटला अर्थिंगच नव्हतं. सल्ला क्रमांक दोन: "अर्थिंग नाही ना? मग न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला लूप मारा." झिणझिण्या थांबल्या. या उपायात न्यूट्रल कुठे तुटली, तर एसीच्या संपूर्ण पत्र्यावर २३० व्होल्ट उतरतात. ते कोणी सांगितलं नाही.

महिन्याभरात पावसाने भिंत ओली झाली. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या ब्रॅकेटमधून थोडा प्रवाह भिंतीत जाऊ लागला आणि डीबीमधली आरसीसीबी पडू लागली. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक आला की सप्लाय तोडायचा, हेच तिचं काम. ती ते चोख करत होती. सल्ला क्रमांक तीन: "पावसाळ्यात ह्या अशाच पडतात. बायपास करून टाकू." दुसऱ्या चुकीच्या सल्ल्याने निर्माण केलेला त्रास तिसऱ्याने मिटवला. आरसीसीबी डीबीमध्ये दिसत राहिली, पण सप्लाय तिच्यातून जाईनासा झाला.

२ वर्षं आधी

हॉलमध्ये एक टनाचा दुसरा एसी आला, त्याच लूपवरून. पॅसेजमध्ये प्लायवुडचं पॅनलिंग झालं. जुना बॉक्स दिसायला वाईट म्हणून सुताराने तो पॅनलमागे घेतला आणि फ्रीजचा सॉकेट पॅनलवर पुढे काढला. आता जोड तपासायचा तर पॅनल फोडावं लागणार होतं. वर्षातून एकदा तरी कोणाची नजर तिथे गेली असती, तीही वाट बंद झाली.

३ आठवडे आधी

उकाडा वाढला. दोन्ही एसी, फ्रीज आणि मध्येच इस्त्री, असं सगळं मिळून लोड १८-१९ अँपिअरच्या पुढे जाई आणि १६ अँपिअरची एमसीबी संध्याकाळी पडे. सल्ला क्रमांक चार, शेजारच्या काकांचा: "आमचीही पडायची. ३२ची टाकली, तेव्हापासून एकदा पडली नाही."

एमसीबी उपकरणाची राखण करत नाही, भिंतीतल्या तारेची करते. प्रमाणानुसार घरगुती एमसीबी तिच्यावरच्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला तासभर पडत नाही, १.४५ पटीला मात्र तासाभराच्या आत तिला पडावंच लागतं. म्हणजे १६ची एमसीबी २३ अँपिअरला तासाभरात पडणार. ३२ची ३६ अँपिअर तासभर बिनतक्रार जाऊ देणार, आणि तासाभरात पडायला ती बांधील होते ते ४६ अँपिअरला. भिंतीतली तार होती १५ची.

एमसीबी बदलायला दहा मिनिटं लागली. त्या संध्याकाळी ती पडली नाही. शेजारच्या काकांचे आभार मानले गेले.

शनिवार, सकाळी ९:१५. आगीला १६ तास ५० मिनिटं

पॅसेजमध्ये मासळीसारखा वास आला. शनिवारी घरात मासळी नसते, म्हणून शेजारी सुकट भाजत असतील असं ठरलं. स्विच-सॉकेटचं कडक प्लॅस्टिक तापलं की पुष्कळदा असाच वास येतो. काही मिनिटांनी एसी बंद झाला, वास गेला, विषयही संपला. फ्रीजच्या सॉकेटला हात लावला असता तर तो कोमट लागला असता. नीट बसलेला सॉकेट एवढ्याशा फ्रीजवर कोमट होत नाही.

दुपारी १२:४०. १३ तास २५ मिनिटं

बेडरूममधल्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना दरवेळी फ्रीजच्या आतला दिवा लुकलुकत होता. हॉलमधली ट्यूब स्थिर होती. सगळ्या घराचं व्होल्टेज उतरलं असतं तर सगळे दिवे मंद झाले असते. एकाच सर्किटवर लुकलुक होत असेल तर दोष त्याच सर्किटच्या जोडात शोधायचा असतो. पाहुण्यांना घ्यायला स्टेशनवर जायची घाई होती. "महावितरणचं व्होल्टेजच डाउन आहे," एवढ्यावर निदान आटोपलं.

दुपारी ३:३०. १० तास ३५ मिनिटं

परिसरातली वीज गेली. दोन तासांहून जास्त वेळ जोड थंड होत राहिला. तापल्यावर फुगलेला धातू आकसला आणि पिळलेल्या तारांमधली फट आणखी रुंदावली. बाहेरून पाहता काहीच घडलं नाही.

सैल जोड, मध्ये वीज जाणं आणि परत येणं, ही साखळी आपल्या देशात एकदा फार मोठ्या किमतीला कळली आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमाच्या इमारतीतला ट्रान्सफॉर्मर सकाळी पेटला आणि साडेदहा-अकराच्या सुमारास दुरुस्त झाला. केबलच्या टोकाचं सॉकेट क्रिम्पिंग मशीनने दाबायचं, ते डाय आणि हातोडीने ठोकून बसवलं होतं. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. चारच्या सुमारास वीज गेली आणि तासाभराने आली. त्यानंतर थोड्याच वेळात सैल केबल सुटून रेडिएटरला टेकली, त्याला भोक पडलं, तेल गळून पेटलं. बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. ५९ माणसं गुदमरून गेली. सकाळी केलेली दुरुस्ती संध्याकाळी पाचच्या सुमारापर्यंतच टिकली.

संध्याकाळी ५:५०. ८ तास १५ मिनिटं

वीज आली. दोन्ही एसी आणि फ्रीज काही मिनिटांत पाठोपाठ सुरू झाले. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू स्थितीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो आणि हा सगळा झटका आकसलेल्या जोडावर आला. पॅनलमागे बारीक चरचर झाली. ऐकू आली ती आजीला. "पाल असेल," असं तिला सांगण्यात आलं.

संध्याकाळी ७:२०. ६ तास ४५ मिनिटं

वास पुन्हा आला, या वेळी जळकट. घरमालकाने नेहमीच्या वायरमनला फोन लावला. तो दुसऱ्या कामावर होता. सल्ला क्रमांक पाच, फोनवरून: "टेस्टर लावून बघा. पेटतो ना? मग लाइन ओके आहे. मेन एकदा बंद-चालू करा. सोमवारी येऊन बघतो."

टेस्टर पेटला. टेस्टर फक्त फेज आहे की नाही हे सांगतो. त्याच्यातून इतका नगण्य प्रवाह जातो की जळून कोळसा व्हायला आलेल्या जोडापलीकडेही तो तितकाच लख्ख पेटतो.

हा सगळ्यात महागात पडलेला सल्ला. आधीच्या चार सल्ल्यांनी जे बिघडवलं होतं ते अजून हाताशी होतं. पॅसेजची ती एमसीबी खाली करून ठेवली असती, फ्रीजमधलं दूध शेजारी दिलं असतं आणि एक रात्र पंख्यावर काढली असती, तर हा घटनाक्रम इथेच संपला असता.

रात्री १०:४५. ३ तास २० मिनिटं

पाहुणे हॉलमध्ये, आजी-आजोबा मागच्या बेडरूममध्ये, घरमालक, त्याची बायको आणि मुलगा दुसऱ्या बेडरूममध्ये. एरवी रात्री एकच एसी चालायचा. आज पाहुण्यांसाठी हॉलमधलाही रात्रभर राहणार होता. गारवा जाऊ नये म्हणून दारं लावलेली. वास येणारा पॅसेज मधोमध, सगळ्या बंद दारांच्या बाहेर.

आता थोडं गणित. जोडाचा रोध ०.२ ओहम झाला आहे असं धरू. एकटा दीड टनाचा एसी साडेसात अँपिअर घेतो, तेव्हा त्या जोडात प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे ११ वॅट उष्णता तयार होते. दोन्ही एसी मिळून साडेबारा अँपिअर झाले की तीच उष्णता ३१ वॅटवर जाते. प्रवाह पावणेदोन पटही वाढला नाही, उष्णता मात्र पावणेतीन पटींच्या पुढे गेली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंग इस्त्री साधारण २५ वॅटची असते. त्याहून जरा मोठी इस्त्री प्लायवुडच्या मागे चालू ठेवून सगळे झोपले होते.

एवढं होत असताना जोडावर दाब उतरला फक्त अडीच व्होल्टचा. २३०मधून अडीच गेले तर एसीला कळत नाही, पंख्याला कळत नाही, माणसाला तर नाहीच. आणि प्रवाह साडेबाराच असल्याने एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. ३२ची सोडा, जुनी १६चीसुद्धा या घडीला पडली नसती. तिने तीन आठवड्यांपूर्वी रोज पडून जे सांगायचं ते सांगितलं होतं.

मध्यरात्री १२:३०. १ तास ३५ मिनिटं

घरगुती वायरवरचं पीव्हीसी ७० अंशांपर्यंत सतत टिकावं अशा बेताने बनवलेलं असतं. जोडाजवळचं त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. ते मऊ पडलं, ओघळलं, काळं झालं. तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती त्याच बॉक्समधल्या धातूला आणखी खाते आणि जोडाचा रोध आणखी वाढतो. इथून पुढे जोड स्वतःच स्वतःला बिघडवू लागला.

रात्री १:२५. ४० मिनिटं

पिळलेल्या तारांमध्ये ठिणगी धरली आणि टोक लाल झालं. जळलेल्या प्लॅस्टिकचा कोळसा झाला, आणि कोळशातून वीज वाहते. फेजकडून लोखंडी बॉक्सकडे गळती सुरू झाली. बॉक्स अर्थिंगला जोडलेला असता आणि आरसीसीबी सर्किटमध्ये असती, तर एवढी गळती सप्लाय तोडायला पुष्कळ होती. अर्थिंग नव्हतं. आरसीसीबी शोभेची होती.

पहाटे २:०५. आग

दोन वर्षं वाळत आणि तीन आठवडे शेकत राहिलेलं प्लायवुड मागच्या बाजूने पेटलं. पॅनल आणि भिंत यांच्यातल्या पोकळीतून ज्वाळा वर चढल्या आणि फॉल्स सीलिंगपर्यंत गेल्या. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईलच असं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड गुंगी वाढवतो. बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म घरात नव्हता.

२:१८

वितळलेल्या वायरींमधली फेज आणि न्यूट्रल एकमेकींना चिकटल्या. शेकडो अँपिअरचा झटका बसला आणि ३२ची एमसीबी अखेर पडली. एसी बंद पडल्याने हॉलमधल्या पाहुण्याला जाग आली. दाराखालून धूर येत होता.

पंचनाम्यात जे शॉर्टसर्किट लिहिलं गेलं ते हे. आग लागून तेव्हा १३ मिनिटं झाली होती.

२:२१

घरमालक बादली घेऊन धावला. एक एमसीबी पडली होती, बाकीचं घर लाइव्ह होतं, आणि मेन स्विच पॅसेजच्या तोंडाशी, धुरात होता. वीज चालू असलेल्या जागी पाणी मारू नये हे ओरडून सांगितलं ते पाहुण्याने. घरमालकाची बायको मुलाला उचलून हॉलमधून जिन्यात पोचली. पाहुणेही निघाले.

मागच्या बेडरूमचं दार पॅसेजमध्ये उघडत होतं.

२:२६

१०१ला फोन गेला. आजोबांनी दार उघडलं, धूर आत आला, त्यांनी ते पुन्हा लावलं. खिडकीला चोराच्या भीतीने लावलेली लोखंडी जाळी, चारी बाजूंनी पक्की, उघडणारी फट नाही. आजी जाळीत तोंड घालून श्वास घेत राहिली. आजोबा पुन्हा दाराकडे गेले.

२:४७

बंब गल्लीच्या तोंडाशी आला. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या होत्या. त्या हलवण्यात वेळ गेला. जवानांनी शिडी लावून जाळी कापली आणि दोघांना बाहेर काढलं. आजी वाचली. आजोबा तीन दिवसांनी रुग्णालयात वारले.

सकाळी ८:३०

खाली जमलेल्यांमध्ये एकमत होतं की एसीनेच घात केला. हल्लीच्या वस्तूच हलक्या. दोन्ही एसी जळाले होते, पण बाहेरून आत. शेजारच्या काकांच्या घरी ३२ची एमसीबी तशीच होती.

या घटनाक्रमातली आग कोणा एकट्या सल्ल्याने लागली नाही. घात झाला तो यामुळे की प्रत्येक सल्ल्याने काम भागलं. लूप मारला, एसी चालला. न्यूट्रल जोडली, झिणझिण्या थांबल्या. बायपास केला, आरसीसीबी पडेना. मोठी एमसीबी टाकली, तीही पडेना. टेस्टर पेटला, मन शांत झालं. बिघाड पाचही वेळा जिथल्या तिथे राहिला. बंद झाला तो त्याचा इशारा. "आतापर्यंत काही झालं नाही" हा वायरिंग सुरक्षित असल्याचा पुरावा नाही. आगीच्या आदल्या रात्रीपर्यंत प्रत्येक जळलेल्या घरात तेच खरं होतं.

म्हणून एवढं करा. एमसीबी सारखी पडत असेल तर लोड कमी करा किंवा नवी वायर टाका. तारेपेक्षा मोठी एमसीबी कोणाच्याही सांगण्यावरून बसवू नका. एसी आणि गीझर यांना डीबीपासून स्वतंत्र लाइन द्या. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा. ती पडली नाही तर ती खराब आहे किंवा बायपास केलेली आहे. घर १९९०च्या आधीचं असेल तर आत ॲल्युमिनियम आहे का ते परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून बघून घ्या, मेगर या यंत्राने इन्सुलेशन तपासून घ्या आणि केलेल्या कामाचा लेखी अहवाल मागा. जोड असलेला बॉक्स पॅनलमागे गाडू नका. प्रत्येक झोपायच्या खोलीच्या जाळीला आतून उघडणारी एक खिडकी ठेवा.

आणि सॉकेट गरम लागला, जळका किंवा मासळीसारखा वास आला, एकाच सर्किटवरचे दिवे लुकलुकले, तर त्या सर्किटची एमसीबी त्याच क्षणी खाली करा आणि वायरमन प्रत्यक्ष येऊन जोड उघडून बघेपर्यंत वर करू नका, मग तो सोमवारी येवो की गुरुवारी.